शुक्रवारचे करंडे

तमिळनाडूत खासगी शाळेचा कारभार पाहणाऱ्या माणसाला करस्पॉन्डंट म्हणतात. आमचे करस्पॉन्डंट कुंभकोणमच्या मोठ्या रस्त्यावर पितळी भांड्यांचे दुकान चालवायचे आणि उरलेल्या वेळात शिक्षणाची सेवा करायचे. दुकानात ते बनियनवर बसत. शाळेत येताना रेशमी उपरणे घेत, आणि ते आले की आम्हा मुलींना उन्हात रांगेने उभे राहून टाळ्या वाजवाव्या लागत. महिन्यातून दोनदा तरी ते येत. टाळ्यांचा सराव आम्हाला पाढ्यांपेक्षा चांगला होता.

मी दहावीत होते तेव्हाची, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या मध्याची ही गोष्ट. आमच्या मुलींच्या शाळेला अकरावी-बारावीचे वर्ग मिळाले होते, पण विज्ञान गट मिळायला प्रयोगशाळा हवी होती आणि प्रयोगशाळेला पैसे हवे होते. करस्पॉन्डंटांनी त्यावर उपाय काढला. त्यांच्या गोदामात पितळेचे कुंकवाचे करंडे कित्येक वर्षे पडून होते. झाकणाच्या आत बसवलेले छोटे आरसे डिंक सुटून गळून पडले होते, म्हणून ते विकले जात नव्हते. करस्पॉन्डंटांनी त्या रिकाम्या गोल जागेत स्वतःचा फोटो चिकटवून घेतला, खाली शाळेचे नाव छापले, प्रत्येक करंड्यात चमचाभर कुंकू भरले आणि दहावीच्या प्रत्येक मुलीने बारा रुपयांना एक असे पंचवीस करंडे विकावेत असे जाहीर केले. म्हणजे बाईने सकाळी कुंकू लावायला झाकण उघडावे आणि आपल्या तोंडाऐवजी तिला करस्पॉन्डंट दिसावेत.

विक्री ऐच्छिक होती. नोटिशीत तसे स्पष्ट लिहिले होते. त्याच्या खालच्या ओळीत लिहिले होते की विज्ञान गटाच्या जागा मोजक्याच असून पंचवीस करंडे विकणाऱ्या मुलींचा विचार आधी केला जाईल. तिसरी ओळ अशी, की मुलींनी एकट्याने दारोदार फिरू नये, घरातल्या बाईमाणसाने सोबत असावे.

मला विज्ञान हवे होते. न्यूटनवर माझे काही विशेष प्रेम होते म्हणून नव्हे. वडील जाऊन दोन वर्षे झाली होती. आम्ही दोघी काकांच्या घरी राहत होतो. काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते, सरळ माणूस, पण हिशेबी. त्यांनी आईला सांगून टाकले होते की विज्ञान मिळाले तर पोरीला पुढे शिकवू, काही नोकरी तरी लागेल. कला शाखा शिकून पापनाशमच्या दुकानात बसायचे असेल तर शिकायची गरज नाही. पापनाशमला एक स्थळ होते. तांदळाचे दुकान, मुलगा माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. अठरा पूर्ण होईपर्यंत ते थांबायला तयार होते, आणि त्यांच्या या उदारपणाचे आमच्या घरी कौतुक होई.

हे मी पुस्तकी मराठीत लिहिते आहे. ती मी पुढे वाचून वाचून शिकले. आमच्या घरची मराठी निराळी. तंजावरच्या भोसल्यांच्या काळात आमचे लोक इकडे आले, तेव्हा जी भाषा आणली ती तशीच राहिली आणि तिच्यात तमिळ भरत गेले. एकदा पुण्याहून आलेले एक गृहस्थ आमचे बोलणे ऐकून म्हणाले होते की बखर ऐकल्यासारखे वाटते. बखरीत इतके सांबार कुठून आले, हे मात्र त्यांनी सौजन्याने विचारले नाही.

तर करंडे घरी आले. सोबत कोणी जायचे हा प्रश्नच नव्हता. काकी जाणार. आईचे कपाळ दोन वर्षांपासून मोकळे होते, आणि विकायचे होते कुंकू.

काकी मनाने चांगली. गोरी, जाड, हसरी, शेजारपाजारी जाण्याची अतोनात हौस. तिने गुलाबी साडी नेसली, वेणीत मोगरा माळला, आणि पिशवीत सात करंडे घेऊन आम्ही आमच्याच रस्त्यावरच्या मराठी घरांपासून सुरुवात केली.

पहिल्याच घरी आम्हाला आत नेऊन चटईवर बसवले. कॉफी आली. कुणाच्या मुलीला दिवस गेले, कुणाच्या मुलाने मद्रासला भलतीच मुलगी केली, हे सगळे झाले. मग काकीने पिशवीतून करंडा काढला, झाकण उघडले, आणि समोर सुवासिनी, हातात कुंकू, म्हणून सवयीने चिमूट उचलून त्या बाईच्या कपाळाला लावली. त्या बाईने लगोलग काकीला लावली. झाले. त्यानंतर तो करंडा विकायचा माल राहिला नाही, वाण झाला. एका सुवासिनीने दुसरीला कुंकू लावून त्याचे पैसे मागायचे, हे आमच्या लोकांत कधी कुणी केलेले नाही. ती बाई आत जाऊन खण आणि नारळ घेऊन आली व काकीची ओटी भरली. मी बारा रुपयांचे काहीतरी पुटपुटले, तर काकीने पदराखालून माझ्या मांडीला असा चिमटा काढला की दोन दिवस निळा डाग होता.

बाहेर आल्यावर मी म्हटले, पुढच्या घरी आधी पैसे सांगायचे आणि कुंकू लावायचे नाही. काकीने मान डोलावली. पुढच्या घरी तिने खरोखर पाच मिनिटे दम धरला. मग त्या घरच्या बाईनेच कुंकवाची वाटी आणली, काकीला लावले, आणि काकी बिचारी काय करणार, तिनेही करंडा उघडला.

सात घरांत सात करंडे संपले. आम्ही चार खण, पाच नारळ, दोन डझन केळी आणि एक हळदीचे पाकीट घेऊन घरी आलो. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने पिशवीत डोकावून पाहिले.

"बेस झालें," ती म्हणाली. "प्रयोगशाळेंत खण चालतात का, तें विचारून ये."

काकी रडवेली झाली. म्हणाली, "अक्का, तूं सांग, मी तोंडानें पैसे कसे मागूं? कुंकू लावलें ना मी."

आईने निवडलेले तांदूळ डब्यात भरले. रात्री काका जेवायला बसले तेव्हा तिने ताकाचे पातेले ठेवत ठेवत सांगितले की शुक्रवारी सकाळी पोरीबरोबर ती स्वतः जाईल. काकांचा घास हातातच राहिला. वहिनी, कुंकू आहे तें, असे ते म्हणाले. लोक काय म्हणतील, हे ते म्हणाले नाहीत, कारण त्याची गरज नव्हती.

"मी लावायला नाहीं जात," आई म्हणाली. "विकायला जातें."

शुक्रवारच का, हे मला तेव्हा कळले नाही. मला वाटले, शुक्रवार देवीचा वार, बायका न्हाऊन-माखून, पूजा करून बसलेल्या असतात, कुंकवाला गिऱ्हाईक मिळेल. तिचा विचार याच्या बरोबर उलटा होता.

सकाळी आठला आम्ही निघालो. ती फिक्या राखी रंगाच्या साडीत, पिशवी माझ्या हातात. पहिल्या दारापुढे ओल्या रांगोळीच्या अलीकडे ती थांबली आणि तिने हाक मारली. दार उघडणारी बाई आईच्या बरोबरीची, वडील होते तोवर दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे तांबूल घ्यायला येणारी. तिने आईला पाहिले, मग रांगोळी पाहिली, मग पुन्हा आईला. नुकतीच पूजा झाली होती, आतून कापराचा वास येत होता. 'या' म्हणायला तिचे तोंड उघडले, पण शब्द निघाला नाही.

आईने शांतपणे सांगितले: शाळेसाठी आहे, बारा रुपये, कुंकू आतच भरलेले आहे.

"घेतें, घेतें," ती बाई म्हणाली. "तिथें कट्ट्यावर ठेवूं दे पोरीला. पैसे आणतें हं."

तिने बारा रुपये आणून दिले तेही माझ्या हातात, वरून सोडल्यासारखे. करंडा उघडूनसुद्धा पाहिला नाही. आम्ही चार पावले गेलो असू, मागे तांब्याभर पाणी ओतल्याचा आवाज आला. करंड्यावर ओतले की आई उभी होती त्या जागेवर, ते मी वळून पाहिले नाही. आईही वळली नाही.

सगळीकडे असेच झाले. ज्या हातून कुंकू घ्यायचे नाही, त्या हाताला पैसे देऊन वाटेला लावायला कुणाचीच हरकत नव्हती. कुणी घासाघीस केली नाही. कुणी कॉफी विचारली नाही, त्यामुळे वेळही गेला नाही. एका घरी घाईघाईने दोन करंडे घेतले आणि वर सांगितले की आता आमचे झाले हं, पुढच्या शुक्रवारी यायला नको. दुसऱ्या घरी सून माहेरून बाळंत होऊन येणार होती, टांगा स्टेशनवरून निघालेला होता. तिथे सासूबाईंनी वीस रुपयांची नोट दिली आणि सुटे परत घ्यायलाही त्या थांबल्या नाहीत. आईने मला ते आठ रुपये दुपारी परत देऊन यायला लावले. ती एकाही घरात अवाक्षर जास्त बोलली नाही. तिने फक्त वेळ निवडली होती.

दहाच्या आत अठरा करंडे संपले.

घरी येताना मी पैसे मोजत होते. आई म्हणाली, "पाहिलेंस? काकीला सात घरांना अख्खी दुपार लागली."

मला हसू आले आणि त्याची लाजही वाटली. तिला हसायचे होते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

काकीने वाटलेले सात करंडे विक्रीत धरले जाणार नव्हते, म्हणून पंचवीस पुरे करायला मी शाळेतून आणखी काही करंडे मागितले. शाळेने दुसऱ्या पंचविसांची पेटीच दिली. आमचे रस्ते संपले होते. पुढच्या शुक्रवारी आई मला कालव्यापलीकडच्या तमिळ अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणांच्या आळीत, घेऊन गेली. भाषा बदलली, बाकी काही बदलले नाही. उरलेले पाच-सहा घेऊन आम्ही टाउन बसने दारासुरमला गेलो. तिथे विणकरांची घरे. एका घरात बाई मागावर बसली होती, तिने आम्हाला आत बोलावले. आईला लाकडी पाटावर बसवले, पाणी दिले, वडील कशाने गेले ते विचारले. मग करंडा उघडला, आतला फोटो पाहिला आणि ती इतकी हसली की शेजारच्या दोघी धावत आल्या. हा कोण, तुझा मामा का, असे तिने मला विचारले. मग सात रुपयांना देतेस का म्हणाली. आई अकरावर आली, ती आठावर. सौदा जमला नाही. त्यांनी आम्हाला बसथांब्यापर्यंत पोचवले.

त्या दोन आठवड्यांत जिथे आईला कुणी बसायला सांगितले, असे हे एकच घर. तिथेच विक्री झाली नाही. ते उरलेले करंडे पुढे तिने कुठे खपवले मला आठवत नाही, पण खपवले.

विकलेले एकूण त्रेचाळीस. शाळेत कुणाचेच तेवढे झाले नव्हते. करस्पॉन्डंटांच्या पुतणीचे तीस झाले होते, आणि ते सगळे त्यांच्याच दुकानाच्या गल्ल्यावरून गेले होते.

प्रयोगशाळेची खोली भराभर उभी राहिली, आणि तिच्याही आधी शाळेच्या फाटकावर करस्पॉन्डंटांच्या आईच्या नावाची कमान उभी राहिली. उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात मुख्याध्यापिकांनी मला ऑफिसात बोलावले. फार आनंदात होत्या. करस्पॉन्डंटांची इच्छा होती की सर्वांत जास्त विक्री करणाऱ्या मुलीच्या आईने व्यासपीठावर समई उजळावी, आणि तिचा सत्कार व्हावा. त्यांनी माझा अर्ज काढला. वडिलांच्या नावामागे 'कैलासवासी' होते. त्या तिथेच थांबल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"घरात आणखी कोणी आहे का?" त्यांनी विचारले.

"काकी," मी म्हटले.

"विक्रीला त्याच बरोबर होत्या ना?"

त्यांच्या टेबलाच्या काचेखाली विज्ञान गटाची यादी होती. उलटी दिसत होती, तरी मला माझे नाव वाचता आले. काही नावांपुढे लाल खूण होती. माझ्यापुढे अजून नव्हती.

"हो," मी म्हटले.

त्यांनी मला भाग पाडले नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे कितीतरी वर्षे ही हकिकत सांगताना मी त्यांना जास्त दुष्ट करत आले. त्या साध्या बाई होत्या. माझ्या 'हो'नंतर त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि लाल पेन्सिल उचलली.

घरी सांगितले तेव्हा काकी खरोखर घाबरली. "मी नाहीं जात," म्हणाली. "मी तर सातच्या सात फुकट वाटले."

आई तिच्यासाठी ट्रंकेतून जरीची साडी काढत होती. "मग जाच," ती म्हणाली. "व्यासपीठावर तशीच बाई लागते."

एवढेच. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही. तिला माझ्याबद्दल काही म्हणायचे नसावे असे मी मानून घेतले, कारण ते सोयीचे होते.

उद्घाटनाला केळीचे खांब होते, नादस्वरम वाजत होते, तमिळमध्ये तीन भाषणे आणि इंग्रजीत एक. इंग्रजी भाषण कुणाला कळले नाही, म्हणून त्याला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या. करस्पॉन्डंट मातृशक्तीवर बोलले. माता दारोदार हिंडल्या, उन्हाची पर्वा केली नाही, मानापमानाची पर्वा केली नाही, असे म्हणताना त्यांनी उपरण्याने डोळे टिपले. मग काकीचे नाव पुकारले. तिने समई उजळली. तिला शाल दिली आणि पितळी ताटात एक करंडा दिला. ती शेवटपर्यंत मान खाली घालून बसली होती. लोकांना ते विनयाचे लक्षण वाटले.

आई शेवटच्या ओळीत होती. आली होती, हे मला तिथे वळून पाहिल्यावर कळले. यादी वाचली, माझे नाव आले, तिने टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर सगळे प्रयोगशाळा पाहायला गेले, तेव्हा तीही आत शिरली. लोक भिंतीवरच्या संगमरवरी पाटीपाशी गर्दी करून होते. आई नळांपाशी गेली. काळ्या दगडी ओट्यावर सहा नळ होते, चकचकीत. तिने पहिला सोडला, मग दुसरा, मग तिसरा. सहाही कोरडे. तिने ते एकेक करून पुन्हा नीट बंद केले. शिपाई म्हणाला, टाकी अजून बांधायची आहे, पुढच्या वर्षी त्यासाठी पुन्हा काहीतरी विकायला काढणार आहेत.

ती टाकी मी असेपर्यंत झाली नाही. दोन वर्षे आम्ही रसायनशास्त्राचे प्रयोग फळ्यावरून उतरवून घेतले. निळा रंग येतो, असे बाई सांगत आणि आम्ही वहीत 'निळा' लिहीत. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला मुलांच्या शाळेत नेले, तिथे मी आयुष्यात प्रथम परीक्षानळी हातात धरली आणि ती फोडली. गुण जेमतेम मिळाले. ज्या कॉलेजात जायचे होते तिथे जाता आले नाही. तंजावरला रक्ततपासणीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मिळाला, आणि नव्वद साल उलटल्यावर तिथल्याच एका दवाखान्यात नोकरी. पगार फार नव्हता, पण दोघींना पुरेसा होता. आईला मी काकांच्या घरून आणले. पापनाशमच्या गृहस्थाने तोवर दुसरी मुलगी केली होती, तिला तीन मुले होती आणि दुकान तीच चालवत होती असे ऐकले.

नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी मी तो विषय काढला. आम्ही जेवत होतो. त्या दिवशी मी काकीचे नाव सांगितले, तुला वाईट वाटले का, असे विचारले. इतकी वर्षे विचारले नव्हते. आता पगार आणत होते, म्हणून धीर झाला असेल.

आईने भात कालवला. म्हणाली, वाईट कसलें, तूं नाहीं म्हणाली असतीस तर आज पापनाशमला तांदूळ मोजत बसली असतीस. तुझ्या जागीं मी असतें तरी तेंच म्हणालें असतें.

मला बरे वाटले. मी ताक घ्यायला हात पुढे केला.

"त्यांनी विचारलें," ती म्हणाली, "तेव्हां तूं थोडी तरी थांबलीस का?"

खोटे बोलणे सोपे होते. त्या दिवशी ऑफिसात आम्ही दोघीच होतो, आणि मुख्याध्यापिका निवृत्त होऊन तिरुप्पनंदाळकडे कुठेतरी भावाकडे राहायला गेल्या होत्या.

"नाहीं," मी म्हटले.

तिने मान हलवली, आपला अंदाज खरा निघाल्यावर हलवतात तशी. मग ताकाचे भांडे माझ्याकडे सरकवले आणि आपले पान घेऊन ती उठली.